उतारावरची वीस मीटर

हेमलॉक म्हटलं की आपल्याला सॉक्रेटिसचा विषाचा पेला आठवतो. ते विष गाजराच्या कुळातल्या एका रोपाचं. मी सांगतोय तो हेमलॉक म्हणजे उंच सूचिपर्णी वृक्ष, पेनसिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष. गेल्या जूनमध्ये एका शनिवारी पिट्सबर्गहून दोन तासांवरच्या कुक फॉरेस्टमध्ये मी स्वयंसेवक म्हणून झाडं मोजायला गेलो होतो.

क्लॅरियन नदीकडे उतरणारा कडक उतार. हेमलॉकबरोबर बीच, मेपल, पिवळा बर्च. हेमलॉकखाली इतकी गर्द सावली की जमिनीवर नेचे आणि शेवाळच जास्त. काम साधं वाटतं: वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखायचा, प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला, म्हणजे 1.37 मीटरवर, मोजायचा आणि खालच्या रोपट्यांनी किती टक्के जमीन झाकलीय ते अंदाजाने लिहायचं. अंदाजावर माझं आणि जोडीदाराचं एकदाही जमलं नाही. मी 40 म्हटलं की तो 20 म्हणायचा.

दीड तासाने आमच्या गटप्रमुख बाईंनी उतार विचारला. मोजला तर 30 अंश. आणि मी कपाळाला हात लावला. फीत मी जमिनीलगत टाकली होती. उतारावरचे वीस मीटर नकाशात 17.3 च भरतात! म्हणजे 400 चौरस मीटरच्या जागी आम्ही 346 च मोजले होते. दहा वर्षांनी कुणी इथे परत मोजणी केली असती, तर जंगल वाढल्याचा भास झाला असता. दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा मी, आणि कोसाइन विसरलो.

फीत 23.1 मीटरपर्यंत खाली ओढली. त्या वाढीव पट्ट्यात दोन हेमलॉक होते. एकाची खालची फांदी उलटी केली तर पानांच्या बुडाशी कापसाचे बारीक पुंजके. ही जपानहून आलेली कीड. पूर्व अमेरिकेत ती 1951 मध्ये व्हर्जिनियात पहिल्यांदा आढळली. रस शोषून काही वर्षांत ती मोठं झाड वाळवते. सावली गेली की ओढ्याचं पाणी तापतं, थंड पाण्यातल्या ट्राउट माशांचे हाल होतात आणि रिकाम्या जागी बहुधा बर्च येतो. कीड या जंगलात आधीच पोचलेली आहे, पण या उतारावर आमच्या गटाला ती तोवर दिसली नव्हती. बाईंनी जागा टिपून घेतली. झाडाला औषध देता येतं, फक्त पाण्याजवळ फार जपून.

रात्री बेळगावला व्हिडिओ कॉल केला. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ऐकून हसले. "अरे, उतारावर साखळी आडवी धरतात, टोकाला ओळंबा सोडतात. इंजिनिअर झालास की तू!"

"बाबा, तुम्ही आधी सांगायचं होतं."

"तू विचारलंस कधी?"

पुढची फेरी सप्टेंबरमध्ये होती. फोटो पाठवला तर बाबांनी झाडांबद्दल अवाक्षर काढलं नाही. उत्तर आलं, "फीत मधे सैल का दिसतेय?"