पाजलं, पण लागू पडलं का?

गोंदिया जिल्ह्यात मेंढ्या थोड्याच, गावोगावी दिसतात त्या बकऱ्या. त्यांना जंताचं औषध पाजलं की काम झालं, असं धरून चालतात. ते लागू पडलं का, हे लेंडीलाच विचारावं लागतं, आणि ती थेट गुदद्वारातून काढावी लागते. जमिनीवरची लेंडी कोणत्या बकरीची, कोण सांगणार? हातमोज्यातलं बोट आत गेलं की बकरी अशी ओरडते की आजूबाजूची पोरं गोळा होतात.

पुढचं काम शांतपणे करायचं. २ ग्रॅम लेंडी मिठाच्या २८ मिलिलिटर पाण्यात कुटून कालवायची आणि गाळायची. मीठ स्वयंपाकघरातलंच, पण विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं. त्या जड पाण्यात जंतांची अंडी तरंगत वर येतात. मॅकमास्टर काचेच्या दोन कप्प्यांत ते भरून, जरा थांबून, सूक्ष्मदर्शकाखाली रेघांमधली अंडी मोजायची. दोन्ही कप्प्यांच्या बेरजेला ५० ने गुणलं की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळतं.

खरी गोम पाजण्यात आहे. वजन नजरेनं ठरवलं तर औषध कमी पडतं आणि बोल मात्र औषधाला लागतो. त्यात बकरीचं शरीर जंतांवरची बरीच औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीचा डोस तिला अनेकदा पुरत नाही. म्हणून आधी काटा. शिवाय काही बकऱ्या तपासणी संपेपर्यंत बिनऔषधाच्या ठेवायच्या. मालकाला हे पटवणं सगळ्यांत अवघड. पण अंडी आपोआपही घटतात, मग श्रेय कुणाचं?

साधारण १४ दिवसांनी पुन्हा लेंड्या, पुन्हा मोजणी. गटाची सरासरी ८०० वरून ४० वर आली तर घट ९५ टक्के, म्हणजे काठावर पास. २०० उरली तर जंत औषधाला सरावल्याची दाट शंका. हे नवं नाही: थायाबेंडाझोल हे जंतांवरचं औषध १९६१ साली आलं आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणारे जंत मेंढ्यांत नोंदले गेले.

धानाच्या मुलखात आणखी एक फसगत होते. बांध्यांत, बोड्यांत गोगलगायी असतात, त्यांच्यातून पर्णकृमी पसरतात. त्यांची अंडी जड, मिठाच्या पाण्यात ती नीट तरंगत नाहीत. काच कोरी दिसते आणि बकरीच्या जबड्याखाली पाणी साचलेलं असतं. त्यासाठी लेंडी साध्या पाण्यात कालवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा नवं घालायचं. यकृतातल्या पर्णकृमीचं अंडं सोनेरी दिसतं, पोटातल्याचं फिकट. ऑक्सिक्लोझानाइडसारख्या औषधाची परीक्षा या गाळातच घ्यायची.