श्रद्धा आणि रोजचे काम : वर्ध्यातील ख्रिस्ती विचाराचा मागोवा (१९३४–१९६०)

१९३४ नंतरच्या पंचवीसेक वर्षांत वर्धा आणि सेवाग्राम येथे काही ख्रिस्ती कार्यकर्ते राहिले. ग्रामोद्योग, शाळा आणि आश्रमातले सामुदायिक जीवन यांतून त्यांनी आपल्या श्रद्धेचा अर्थ शोधला. येशूची शिकवण अन्नाला, मजुरीला आणि शेजारधर्माला लागू होते आणि तिचा कस तिथेच लागतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी स्वतःचा धर्म सोडला नाही, दुसऱ्याचा बदलण्याचा आग्रहही धरला नाही. ख्रिस्ती म्हणजे इंग्रज सरकारच्या बाजूचा, असा समज सर्रास असण्याच्या काळात ही भूमिका धैर्याची होती.

महाराष्ट्राला अशी वाट अगदीच अपरिचित नव्हती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामावले जावेत, ही त्यांची कल्पना होती. टिळकांचा भर भक्तीवर होता. वर्ध्यात पुढे त्याला अर्थकारणाची जोड मिळाली.

ही जोड देणारे जे. सी. कुमारप्पा १८९२ मध्ये तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास करून १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले. गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी हे त्यांचे पहिले मोठे काम. अहिंसक सत्याग्रहाच्या प्रश्नावर त्यांनी कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी पत्रव्यवहार केला. शत्रूवरही प्रेम करण्याची शिकवण मानणारे चर्च साम्राज्याच्या बळाला मूक संमती कशी देते, हा त्यांच्या मनातला प्रश्न होता.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेत संघाचे काम सुरू झाले, तीच मगनवाडी. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन, खाद्यतेलावर चालणारा ‘मगनदीप’ हे येथील प्रयोगांचे विषय होते. १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालय उघडले. कुमारप्पांचे बंधू भारतन् हेही याच कामात होते. गिरणीचा पांढरा तांदूळ गावाचे पोषण आणि रोजगार दोन्ही हिरावून घेतो, म्हणून हातसडीचा तांदूळ खाणे हा कुमारप्पांच्या लेखी न्यायाचा प्रश्न होता. देवाकडे रोजची भाकर मागणाऱ्याने ती कोणाच्या श्रमातून येते आणि कोणाच्या ताटातून जाते हे पाहिलेच पाहिजे, असा या जीवनपद्धतीचा आशय होता.

१९४२ च्या आंदोलनानंतरच्या तुरुंगवासात कुमारप्पांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूचे आचरण आणि शिकवण यांवर, दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या नावाचे. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकात अर्थव्यवस्थेच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत : परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहनिष्ठ आणि सेवाप्रधान. सावज मारून खाणारा वाघ पहिल्या पायरीवर, तर मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण शेवटच्या. एका पुस्तकातला सेवेचा आदर्श दुसऱ्यात अर्थशास्त्राचा निकष झाला.

शिक्षणाच्या क्षेत्रात हेच सूत्र आर्यनायकम् यांनी चालवले. सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती कुटुंबातले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे ते मंत्री होते. हाताने काम करत शिकणारे मूल श्रमाला कमी लेखणार नाही, या विश्वासावर नयी तालीम उभी राहिली. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या ख्रिस्ती राजकुमारी अमृत कौर सेवाग्रामात गांधीजींच्या सचिव म्हणून वावरल्या आणि पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. आश्रमाच्या प्रार्थनेत इतर धर्मांच्या वचनांबरोबर ख्रिस्ती भजनांनाही जागा होती.

डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांततावाद्यांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि नंतर सेवाग्रामात भरली. क्वेकर पंथाच्या मार्जरी साइक्स यांनी त्यानंतर सेवाग्रामात नयी तालीमच्या शिक्षकांना घडवण्याचे काम केले.

या विचाराची अवघड बाजू एस. के. जॉर्ज यांच्या वाटचालीत दिसते. सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी त्यांनी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी सोडली होती. १९३९ मध्ये त्यांचे ‘गांधीज् चॅलेंज टू ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक आले. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक असताना १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीवर ते सदस्य होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणाऱ्या या समितीवर ख्रिस्ती संस्थांनी कडाडून आक्षेप घेतला. धर्मांतराचा आग्रह नको म्हणणे आणि धर्मस्वातंत्र्य जपणे यांतले अंतर किती नाजूक आहे, हे त्या वादाने दाखवले.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कुमारप्पांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून समतोल शेतीचे प्रयोग केले. प्रकृती खालावल्यावर ते तमिळनाडूतील कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित करून येशूची वचने सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवली.

वर्ध्याचा हा गट लहान होता. चर्चच्या संघटनेत त्याला ठाम स्थान मिळाले नाही. गरिबांची बाजू घेणारे मुक्तीचे ईश्वरविज्ञान लॅटिन अमेरिकेत १९७० च्या सुमारास पुढे आले. भारतात अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञान मांडले. जातीच्या अनुभवाला त्यांनी दिलेले केंद्रस्थान वर्ध्याच्या विचारात नव्हते. पण गावाच्या अर्थकारणाचा प्रश्न हा श्रद्धेचाच प्रश्न आहे, हे वर्ध्यातल्या या मंडळींनी त्याआधी कित्येक वर्षे मांडले आणि तसे जगूनही दाखवले.