तेल पाहिलं का?

बहादरपुरला आमच्या केळीच्या मळ्यात डिझेलचं इंजिन होतं. दहावीच्या सुट्टीत रोज तेल पाहायचं काम माझ्याकडे. एकदा पट्टी न काढताच मी सांगून टाकलं, "हो, पाहिलं." दुपारी इंजिन जाम! ऐन मे महिन्यात बाग चार दिवस तहानलेली राहिली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पुढे बी.ई. झालो, सॉफ्टवेअरमध्ये आलो. परवा विमानांची देखभाल करणाऱ्या एका मित्राने सेसना १७२ या चार आसनी विमानाचं इंजिन उघडून दाखवलं आणि ती दुपार आठवली.

या इंजिनात पाणी नसतं, ते हवेवर थंड होतं. त्यामुळे तेलावर जबाबदारी मोठी: घर्षण कमी करायचं, उष्णता वाहून न्यायची, काजळी धुवायची, गंज रोखायचा. फिल्टर असलेल्या लायकोमिंग इंजिनाचं तेल साधारण ५० तासांच्या उड्डाणानंतर बदलतात. विमान उडालं नाही तरी चार महिन्यांनी बदलायचंच, कारण उभ्या इंजिनात ओल साचते.

जुना फिल्टर फेकत नाहीत. तो कापून आतली घडी उलगडतात आणि धातूचे कण शोधतात. लोहचुंबकाला चिकटले तर पोलाद झिजतंय. म्हणजे आजार आकाशात कळण्याआधी जमिनीवरच कळतो.

बाहेरून धुतानाही घाई नको. इंजिन आधी पूर्ण थंड होऊ द्यायचं. मॅग्नेटो, अल्टरनेटर आणि हवेची तोंडं झाकायची, मगच द्रावण मारायचं. वाळल्यावर आच्छादनं काढून मोजायची आणि सांध्यांना ठरवून दिलेलं वंगण लावायचं. शेवटी काय केलं ते वहीत लिहून सही. "सही म्हणजे शब्द," मित्र म्हणाला.

ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळवला, त्याचं प्रशिक्षण आज आपल्या धुळ्यात चालतं. मंडळातल्या मुलांपैकी कुणाला वैमानिक व्हायचं असेल, तर त्याने उडण्याआधी हे तेल पाहायला शिकावं. मळ्यातलं इंजिन बंद पडलं तर बाग सुकते. आकाशात रस्त्याकडेला थांबायची सोय नाही.

त्या रात्री घरी फोन केला. बाबांनी सवयीने विचारलं, "गाडीचं तेल पाहिलंस का?"

"थांबा," म्हटलं, "खाली जाऊन बघून सांगतो."