साच्यातला चेहरा

मावळच्या नकाशात टाकवे बुद्रुकवर बोट ठेवले, तर पश्चिमेला लोणावळा, आग्नेयेला पुणे आणि घाट उतरून खोपोलीमार्गे पेण. प्रोस्थेटिक रंगभूषेला लागणारे जवळजवळ सगळे ज्ञान या टापूत कधी ना कधी नांदले आहे. तरीही २००९ च्या ‘पा’मध्ये अमिताभ बच्चन यांचा चेहरा घडवण्याचे काम अमेरिकेतल्या ख्रिस्टियन टिन्स्ली यांच्याकडे गेले, टिन्स्ली आणि डॉमिनी टिल यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुरस्कार योग्यच होता. पण त्यावरून आपल्याकडे हे कसबच नव्हते असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. कसब होते, फक्त ते वेगवेगळ्या आवारांत एकमेकांना न भेटता राहिले.

या कामाचा जीव रंगात नाही, साच्यात आहे. नटाच्या चेहऱ्यावर अल्जिनेट लावून ठसा घेतात, त्यातून त्याचे प्लास्टरचे डोके ओततात आणि त्यावर तेलमातीत नवा चेहरा घडवतात. मग बाहेरचा साचा काढायचा, माती खरवडून टाकायची आणि डोके व साचा यांच्यामध्ये जी पोकळी उरेल तिच्यात सिलिकॉन भरायचे. शिल्पकाराची खरी परीक्षा कडेला असते. तिथे मातीचा थर जवळजवळ नाहीसा होईपर्यंत उतरवला नाही, तर कॅमेऱ्यासमोर जोड उघडा पडतो. नाकपुडी किंवा कानामागची खाच साच्यात अडकते, तेव्हा साच्याची विभागणी कुठे करायची हे आधीच ठरवावे लागते.

हीच अडचण पेणच्या गणपती कारखान्यांनी लवचीक रबरी साचा आणि त्याला आधार देणारे प्लास्टरचे कवच वापरून सोडवली. सोंडेचा बाक कडक साच्यातून सहज सुटत नाही, रबर मात्र सोलून काढता येते. यावर आक्षेप येईल, की गणपतीचा साचा शेकडो मूर्तींसाठी असतो, नटाचा चेहरा एकच. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. रंगभूषा उतरवताना पातळ कडा फाटतात, म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसाला नवा तुकडा लागतो. टिकाऊ साच्यातून तीच सफाई पुन्हा पुन्हा काढणे, हे पेणच्या कारागिराचे रोजचे काम आहे.

लोणावळ्याचे नाव घेतले की मला दादासाहेब फाळके आठवतात. चित्रपटाआधीचे फाळके आपण फार घाईने ओलांडतो. जे. जे.मध्ये चित्रकला, मग बडोद्याला चित्रकलेबरोबर मॉडेलिंग. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांनी लोणावळ्यात छापखाना काढला आणि मळवलीच्या रविवर्मा प्रेससाठी शिळाछापाचे काम केले. म्हणजे पडद्यावर देव आणण्याआधी हा माणूस घनाकार घडवायला आणि एका मूळ प्रतीवरून हजार छाप उठवायला शिकलेला होता. बाबूराव पेंटर तर शिल्पकारच होते. त्यांच्या १९२० मधल्या ‘सैरंध्री’ चित्रपटातला कीचकवध अंगावर येणारा ठरला. आपला चित्रपट मूर्तिकारांच्या हातून सुरू झाला, आणि बोलपटानंतर तो शब्दांचा व गाण्यांचा होत गेला, असे मी मानतो. घडवणारा हात मागे पडला.

तिसरा दुवा रुग्णालयाचा. जॉन चेंबर्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केले आणि तेच हात घेऊन ते ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या (१९६८) वानरमुखांपर्यंत पोहोचले. पुण्यातही युद्धकाळातच, १९४४ मध्ये, सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर चित्रपट संस्था आली. एकाच शहरातल्या या दोन आवारांमध्ये तशी वाट मात्र रुळली नाही.

सिलिकॉन, फोम लॅटेक्स महाग होते, हे खरेच. पण महाग वस्तू आयात करता येते. कडा कुठे संपवायची हे जाणणारी बोटे अशी मागवता येत नाहीत. आता संगणकावर चेहरा घडवता येतो, मग साचा कशाला, असेही विचारले जाते. संगणकातला चेहरा नटाच्या कातडीवर चिकटवायचा तर शेवटी त्याचाही साचाच काढावा लागतो. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आपण रंगभूषाकाराचे नाव लक्षात ठेवायला शिकलो. चेहऱ्याची माती घडवणाऱ्या आणि साचा ओतणाऱ्या माणसाचे नाव श्रेयनामावलीत स्वतंत्र ओळीत यायला हवे, आणि त्याचे शिक्षण पेणच्या कारखान्यातही व्हायला हवे.