योगाची सुरुवात शीर्षासनापासून नको

२१ जूनला योगदिनाच्या कार्यक्रमात आसने करायची, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ पाहून थेट शीर्षासनाला हात घालायचा आणि आठवडाभरात मान धरली म्हणून सारेच सोडून द्यायचे, असे अनेकांचे होते. उरलेले ‘आपले शरीर वाकत नाही, योग आपल्यासाठी नाही’ असे म्हणून सुरुवातच करत नाहीत. दोन्हींमागे समजूत एकच : योग म्हणजे अवघड आसने.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. आसन हे त्यांतील तिसरे अंग. सुमारे दोनशे सूत्रांपैकी आसनाविषयी थेट सांगणारी सूत्रे जेमतेम तीन आहेत आणि त्यांतली अपेक्षाही साधी आहे : बसणे स्थिर असावे, सुखाचे असावे. पहिला यम म्हणजे अहिंसा. ती स्वतःच्या गुडघ्यांना आणि कमरेलाही लागू आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या दुखापती टळतील.

नवख्यांनी सुरुवात श्वासापासून करावी. विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. श्वास सावकाश घेतला आणि त्याहून सावकाश सोडला, की हृदयाचे ठोके मंदावतात, ताठरलेले स्नायू सैल होतात. पाच मिनिटे ताठ बसून, श्वास न रोखता एवढेच करावे. खाली बसवत नसेल तर खुर्ची चालते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्यांचा आधार देऊन ताठ शरीराच्या माणसांनाही आसने शिकवली. आधार घेण्यात कमीपणा नाही.

त्यानंतर ताडासन, मार्जारासन, भुजंगासन अशी तीन-चार सोपी आसने आणि शेवटी पाच मिनिटे शवासन, असा वीस मिनिटांचा क्रम पुरे. पोट हलके असावे. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. स्नायू ताणला जाणे आणि कळ येणे यांतला फरक ओळखायला शिकावे. ताण सोसावा, कळ आली की थांबावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला, तर इंद्रिये आत वळवण्याची, म्हणजे प्रत्याहाराची, पहिली पायरीही आपोआप चढली जाते.

काहींनी मात्र विशेष सावध राहावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कपालभाती, श्वास रोखून धरणे आणि डोके खाली-पाय वर अशी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. काचबिंदूच्या रुग्णांनी शीर्षासन टाळावे. त्यात डोळ्यांतील दाब वाढतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कंबरेतून खोल वाकू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, योग सुरू केला म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नये. डोस कमी करायचा की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील.

योगाला प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. हीच वृत्ती घरीही उपयोगी पडते. झोप कशी लागते, जिना चढताना दम किती लागतो, चिडचिड कमी झाली का, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचला की नाही, यापेक्षा त्या नोंदी अधिक खरे सांगतील.