आधी पाणी, मग ठिणगी

सकाळी गॅस गीझर पेटला नाही की घरात पहिला संशय सिलिंडरवर जातो. तो हलवून पाहिला जातो, नळाची चार वेळा उघडझाप होते आणि मग मेकॅनिकला फोन. पण न पेटणारा गीझर बिघडलेला असेलच असे नाही. बऱ्याचदा एखादी अट पुरी न झाल्याने तो अडून बसलेला असतो. या अटींना क्रम आहे. वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी डायफ्रॅम सरकतो आणि छोटा स्विच दाबला जातो. मग ठिणग्या पडतात आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत लागली की तिच्यातून सेन्सरच्या काडीपर्यंत अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो, आणि त्यावरून यंत्राला ज्योत असल्याचे कळते. काही सेकंदांत ही खूण मिळाली नाही तर व्हॉल्व्ह बंद. गाडी कुठे अडली हे बाहेरूनच ऐकू येते, दिसते. दुरुस्तीची सुरुवात तिथूनच व्हावी.

ठिणग्यांची टकटक मुळीच नसेल तर सेल पार संपले आहेत किंवा पाण्याला जोर नाही. शेवटच्या मजल्यावर ही तक्रार जास्त, कारण टाकीतले पाणी नळाच्या तीन मीटर वर असले तरी दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार इनलेटच्या जाळीत आणि शॉवरच्या भोकांत साचले की डायफ्रॅम हलतच नाही. शॉवरऐवजी खालचा नळ पूर्ण सोडल्यावर गीझर पेटला, तर दोष शॉवरचा. टकटक आहे पण ज्योत नाही, तर आधी दीड व्होल्टचे ते दोन जाडे सेल बदलावेत. अर्धमेल्या सेलवर ठिणगी पडते, पण व्हॉल्व्ह उघडण्याइतका जोर उरलेला नसतो. ज्योत लागून लगेच विझते, तेव्हा सेन्सरच्या काडीवर काजळी धरल्याची शक्यता मोठी.

गॅस कमी पडत असेल म्हटले, की ‘शेगडी तर व्यवस्थित चालते, मग गॅस कमी कसा?’ हा आक्षेप हमखास येतो. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला दहा किलोवॅटहून अधिक उष्णता लागते, म्हणजे शेगडीच्या चार-पाच बर्नरइतकी. तळाला आलेल्या सिलिंडरमधून थंडीत गॅस सावकाश तयार होतो. तो शेगडीला पुरतो, गीझरला नाही. नवा सिलिंडर लावल्यावर नळीतली हवा बाहेर पडेपर्यंतही पहिले एक-दोन प्रयत्न फुकट जातात. मात्र सारखे प्रयत्न करत राहणे घातक, कारण न जळलेला गॅस साचून एकदम भडका उडू शकतो. गॅसचा वास आला तर प्रयत्न तिथेच थांबवून रेग्युलेटर बंद करावा आणि खिडक्या उघडाव्यात.

‘हे मेकॅनिकचे काम, आपण कशाला डोके घालायचे?’ गॅसच्या बाजूपुरते हे शंभर टक्के खरे. व्हॉल्व्ह, जेट, नळी यांना घरच्यांनी हात लावू नये. पण कुठे अडते हेच सांगता आले नाही, की मागणी एवढीच उरते: कसेही करून चालू करून द्या. मग अतितापमानाचा सुरक्षा-स्विच बाजूला सारून त्याच्या वायरी ‘डायरेक्ट’ जोडण्याचा उपाय निघतो, आणि गीझर पेटतो. न पेटणाऱ्या गीझरने अडते ती आंघोळ. नको तेव्हाही पेटत राहणारा गीझर जिवावर उठतो. एक घनमीटर प्रोपेन नीट जळायला सुमारे 24 घनमीटर हवा लागते, म्हणजे लहानशा न्हाणीघरात असते त्याहून अधिक. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, याला नसतो. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अनेक गीझर वीस मिनिटांनी आपोआप विझतात ते यासाठीच, आणि त्याचीही तक्रार ‘बिघाड’ म्हणूनच नोंदवली जाते. तो टायमर काढून घेण्यापेक्षा गीझरच न्हाणीघराबाहेर, मोकळ्या बाल्कनीत हलवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी.