मेंदूतला नकाशा : वाट ओळखणाऱ्या पेशी



चौथीतल्या मुलाला विचारा, "बारामतीहून इंदापूरला कसं जायचं?" गाडीतून दहा वेळा गेलेलं मूलसुद्धा चाचरतं. पण "घरापासून शेतातल्या विहिरीवर कसं जायचं?" असं विचारलं की लगेच हातवारे सुरू होतात. कॅनॉलच्या कडेनं जायचं, पुलावरून डावीकडं, मग चिंचेपाशी वळायचं! असं का होतं? आपण कुठं आहोत हे मेंदूला कळतं तरी कसं?

आपल्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. 1971 साली लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांचे विद्यार्थी जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी उंदराच्या या भागात केसासारख्या बारीक तारा बसवल्या. पेशी काम करते तेव्हा विजेचा सूक्ष्म संकेत निघतो, तो या तारांमधून टिपता येतो. उंदीर मोकळा फिरत होता. त्यांच्या लक्षात आलं, की एक पेशी उंदीर ठरावीक जागी आला की जोरात संकेत देते आणि एरवी जवळजवळ गप्प बसते. दुसरी पेशी दुसऱ्या जागेला बोलते. यांना 'स्थान-पेशी' म्हणतात.

पण एवढ्यावरून ही पेशी जागाच ओळखते असं कसं म्हणायचं? कदाचित समोरची एखादी वस्तू पाहून बोलत असेल! पुढच्या प्रयोगांत उंदीर ओळखीच्या जागी असताना दिवा मालवला, तरी अनेक स्थान-पेशी आपापल्या जागी बोलत राहिल्या. म्हणजे फक्त डोळ्यांचं हे काम नाही. आपली पावलं किती पडली, कुठं वळलो, याचाही हिशेब मेंदू ठेवतो. ऊस डोक्याच्या वर गेला की लांबचं काहीच दिसत नाही, तरी रोज जाणारा माणूस बांधावरून बरोबर घरी येतो ना!

2005 साली नॉर्वेमध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात आणखी एक नवल सापडलं. तिथली एकच पेशी अनेक जागी बोलत होती. त्या जागा कागदावर मांडल्या, तर समान अंतरावरचे ठिपके दिसले. फळबागेत षटकोनी पद्धतीनं झाडं लावतात ना, अगदी तसे! या झाल्या 'जाळी-पेशी'. जणू मेंदूचा आलेख-कागदच. डोकं कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या आणि भिंत किंवा कड जवळ आली की बोलणाऱ्या पेशीही सापडल्या आहेत. ओकीफ आणि मोसर दांपत्याला 2014 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

माणसात काय? फिट्सच्या आजाराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी तारा बसवाव्या लागतात. असे रुग्ण संगणकावर गाव फिरण्याचा खेळ खेळत असताना त्यांच्यातही स्थान-पेशी आढळल्या.

आता आपल्या कामाची गोष्ट. 2005 च्याच एका प्रयोगात उंदीर एकदा गोल वाटेवर स्वतः धावले आणि एकदा छोट्या गाडीत बसून त्याच वाटेनं फिरले. गाडीत बसल्यावर स्थान-पेशींची नेमकेपणाची धार कमी झाली, एकेका पेशीची जागा पसरट झाली. उंदराचं सगळंच मुलाला लागू होत नाही, हे खरं. तरी दाराशी गाडीत बसून शाळेच्या फाटकाशी उतरणाऱ्या मुलाला मधली वाट कितपत कळत असेल, याचा विचार करायला हवा.

वर्गात एक उपक्रम घ्या. मुलांना मोठ्या माणसासोबत घर ते शाळा पायी चालवा. दुसऱ्या दिवशी काही न बघता नकाशा काढायला सांगा: ओढा, देऊळ, चावडी, वळणं, दिशा. मग तोच नकाशा शाळेकडून घराकडं वाचायला लावा. उलटी वाट सांगता आली, की समजा नकाशा डोक्यात बसला. उजनीच्या पाण्यात जुनं गाव गेलं, अशी आजी-आजोबा इंदापूर तालुक्यात अजून आहेत. त्यांना जुन्या गावाच्या गल्ल्या विचारून मुलांनी तोही नकाशा काढावा.

आणि पालकहो, एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारात सुरुवातीला ज्या भागांना धक्का बसतो, त्यात हाच जाळी-पेशींचा भाग असतो. घरातलं वडीलधारं माणूस रोजच्या वाटेवर चुकायला लागलं, तर "वय झालं" म्हणून हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांनाच हा आजार असतो असं नाही, पण वेळेवर तपासणी झालेली बरी.